ईयोबच्या शेवटची कोरी जागा

दाजी, तुमच्या हातात तुमचं बायबल देऊन तुम्हाला पुरलं, आणि सगळे म्हणाले, किती छान झालं.

त्याला आज बावीस दिवस झाले. या बावीस दिवसांत मला रडू थोडं आलं आणि राग फार आला. लातूरला परत येऊन वर्गात उभी राहिले, फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता खडू मोडला, मुलं दचकली. ताई फोनवर म्हणते, "करुणा, मेल्या माणसावर असं रागवू न्हाई." मी तिला सांगितलं की मी तुमच्यावर रागावलेली नाही. ते पूर्ण खरं नाही. थोडी तुमच्यावरही आहे, पण तुमचा नंबर शेवटी. आधी बाकीच्यांचं होऊ द्या.

आपल्यात ही रीत आहे, मला मान्य आहे. पेटीचं झाकण लावायच्या आधी माणसाचं शास्त्र त्याच्या हातांखाली ठेवतात. आमच्या आजीचंही ठेवलं होतं. पण आजीचं बायबल म्हणजे लग्नात मिळालेला शालू. कपाटात, डांबरगोळ्यांशेजारी, पानं एकमेकांना चिकटलेली. ते तिच्याबरोबर गेलं तर कुणाचं काही बिघडलं नाही. तुमचं तसं होतं का?

तुमच्या बायबलच्या कव्हरची चेन कधीच तुटली होती. मोटारीच्या कॉइलला गुंडाळतात ती पांढरी सुती फीत तुम्ही त्याला बांधायचात. देगलूरच्या बाजारात तुमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. पंचक्रोशीतल्या जळालेल्या पंपांच्या मोटारी तुमच्याकडे यायच्या, आणि त्यांच्या वार्निशचे ठसे उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत पानापानावर. आणि समास! एक समास रिकामा नव्हता. बॉलपेननं, बारीक अक्षरात, प्रश्न. नुसते तुमचे नाहीत, सगळ्यांचे, आणि नावानिशी. 'सत्तेम्मा आक्का विचारतात, लोटाच्या बायकोचं नाव का दिलं नाही?' 'राजू वेल्डर विचारतो, वैऱ्यावर प्रीती करायची, त्यात भिंतीला भिंत लागलेला शेजारी धरायचा का?' आणि मधेमधे तुमचं स्वतःचं: 'हे मला पटत नाही. पुन्हा वाचणे.'

तीस वर्षं एका गावातली साधी माणसं जे जे विचारत आली, ते सगळं एका ठिकाणी होतं. ते आता देगलूरच्या कब्रस्तानात मातीखाली आहे. आणि ज्यांनी हे केलं त्यांचे डोळे पाणावले होते.

आपल्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरीसाहेब पेटीजवळ उभे राहून बोलले, "शास्त्राचा माणूस होता. असा अभ्यासू माणूस आपल्या मंडळीत दुसरा झाला न्हाई." मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! तुम्हाला म्हैस म्हटलं म्हणून माफ करा, तुम्ही यापेक्षा वाईट नावांनी मला हाक मारलेली आहे. पण दाजी, हेच साहेब ना, ज्यांनी आठ वर्षांपूर्वी तुमच्या अभ्यासवर्गाच्या खोलीला कुलूप घातलं होतं?

तेव्हा वर्ग चर्चच्या बाजूच्या खोलीत भरायचा. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला. गावातल्या एका मुलीनं कोर्टात जाऊन हिंदू मुलाशी लग्न केलं आणि चर्चच्या कमिटीनं ठरवलं की तिचं नाव मंडळीच्या यादीतून काढायचं आणि तिच्या आईलाही काही महिने भाकर-द्राक्षरसाच्या प्रभुभोजनाला बसू द्यायचं नाही. तुम्ही कमिटीशी भांडला नाहीत. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडण आठ दिवसांत विसरतात. तुम्ही त्या बुधवारी रूथचं पुस्तक उघडलंत. चार अध्यायांचं इवलंसं पुस्तक, दोन बुधवार पुरवलंत. ती आई कोपऱ्यात बसली होती. शेवटी तुम्ही एवढंच विचारलंत, "परक्या देशाच्या सुनेला ज्या गावानं घरात घेतलं, त्याच घरात पुढं दावीद राजा जन्मला. मग आपून परक्या जावयाला दारात तरी उभं करायचं का न्हाई?"

पुढच्या बुधवारी खोलीला कुलूप. "शास्त्र वाचा, नको कोण म्हणतं. पण अभ्यासाच्या नावाखाली राजकारण नको," असा निरोप. तुम्ही सतरंजी काखेत मारली आणि वर्ग दुकानात नेला. जळक्या मोटारी भिंतीला सरकवून, शटर अर्धं खाली ओढून. त्या मुलीचं नाव यादीतून गेलं ते गेलंच. पण तिची आई शेवटपर्यंत बुधवारी येत राहिली, आणि मी पाहिलं, पेटीजवळ सगळ्यांत जास्त तीच रडत होती.

वाचणाऱ्या परक्या माणसाला वाटेल की बायबलचा अभ्यास म्हणजे काय एवढं. चर्चमध्ये दर रविवारी वाचतातच की. मलाही तसंच वाटायचं. मी तर संडे स्कूलची बक्षीसवाली. वचनं पाठ करून स्टीलचे डबे जिंकलेली. बावीस वर्षांची होते, एम.एस्सी.ला होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्याकडे आले होते आणि मला सगळं येत होतं. तुम्ही कॉइल गुंडाळता गुंडाळता विचारलंत, "मॅडम, योनाची गोष्ट सांगा बरं." मी घडाघडा सांगितली. देवानं पाठवलं, हा पळाला, वादळ आलं, माशानं गिळलं, तीन दिवसांनी बाहेर टाकलं, मग मुकाट्यानं निनवेला गेला, लोक सुधारले.

"मग?"

"मग काय, संपली."

"एक अख्खा अध्याय राहिला की वो मॅडम."

मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही हात पुसून पुस्तक पुढं सरकवलंत. तो शेवटचा अध्याय मी पहिल्यांदा तेव्हा वाचला. देवानं निनवेच्या वैऱ्यांना माफ केलं म्हणून संदेष्टा गावाबाहेर जाऊन फुगून बसलेला. सावलीचा वेल सुकला म्हणून मरण मागतोय. आणि पुस्तक संपतं तेच देवाच्या प्रश्नावर, हा काय उत्तर देतो ते कुणी लिहिलेलंच नाही. तुम्ही म्हणालात, "लेकराला मासा पुरतो, करुणा. मोठ्या माणसाला हा अध्याय लागतो. आपल्याकडं समदे माशातच अडकून पडलेत."

मी चिडले होते. मग बुधवारी गुपचूप येऊन मागच्या बाजूला बसले. तिथं काय चाललं होतं! तुम्ही मराठीतून वाचायचात, राजूची बायको बिदरकडची, ती तेच कन्नडमधून, आणि भाजी विकणाऱ्या सत्तेम्मा आक्कांसाठी कुणीतरी तेलुगूतून. आक्कांना अक्षर येत नाही, पण त्या मधेच हात वर करायच्या: "थांबा. ह्ये दोघांचं सारखं न्हाई आलं." आणि मग अर्धा तास त्यावर. नियम एकच होता, उत्तर घरी ठेवून यायचं आणि प्रश्न घेऊन यायचा.

माझा प्रश्न मला आठ वर्षांनी सापडला. सापडला कसला, अंगावर कोसळला.

माझा सुहास सहा वर्षांचा होता. तापानं चार दिवसांत गेला. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, त्याची पेटी तुम्ही एकट्यानं उचलली होती. पण आजवर तुम्हाला एक गोष्ट सांगितली नाही ती सांगते. त्या दिवसांत मंडळीतली माणसं घरी येत आणि प्रत्येकाकडे एकेक वचन तयार असे. पाकिटातून व्हिजिटिंग कार्ड काढावं तसं काढायची, द्यायची, चहा पिऊन जायची. मला ती सगळी वचनं पाठ होती, दाजी. त्यांच्याहून जास्त. डबे जिंकले होते ना मी. एकही उपयोगी पडलं नाही. तुम्ही आलात, तीन दिवस राहिलात, घरातला बिघडलेला मिक्सर दुरुस्त केलात आणि एक शब्द शास्त्राचा काढला नाहीत. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

दोन वर्षांनी स्नेहा झाली. तेव्हा तीच माणसं पुन्हा आली. "बघा, देवानं भरून दिलं." भरून दिलं! म्हणजे डब्यातलं पीठ संपलं होतं आणि देवानं दुसरं दळून दिलं. मी ओली बाळंतीण, तरी एका बाईला दाराबाहेर काढलं होतं. तुम्हाला फोन केला आणि ओरडले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ईयोब वाचायचा का? पयल्यापासून शेवटपर्यंत? दोघं मिळून?"

अकरा महिने लागले आपल्याला. रविवारी दुपारी तीन वाजता फोन, एका मांडीवर स्नेहा, दुसऱ्या मांडीवर पुस्तक. मला तोवर ईयोब म्हणजे सगळं गमावूनही सोशिक राहिलेला माणूस एवढंच ठाऊक होतं. तो तीसेक अध्याय देवाशी भांडतो हे मला तिशीत कळलं. संडे स्कूलमध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मोठेपणी सांगायला संडे स्कूल नव्हतं. त्याचे ते मित्र, वचनं घेऊन आलेले, मी त्यांच्यात आमच्या मंडळीतल्या माणसांची नावं टाकायचे आणि तुम्ही पोट धरून हसायचात. सुहास गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती त्या फोनवर. मला कुणी औषध दिलं असेल तर ते ईयोबच्या भांडणानं दिलं.

आणि मग आपण शेवटाला आलो. ईयोबला सगळं परत मिळतं, दुप्पट गुरं, आणि सुरुवातीला मेलेल्या दहा मुलांच्या जागी नवी मुलं. पुन्हा दहा. मी पुस्तक मिटलं. म्हटलं, "दाजी, हे काय आहे? पहिल्या दहांचं काय? ती कुणाला परत मिळाली?"

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. मग तुम्ही म्हणालात, "थांब, लिवून घेतो."

पुढच्या खेपेला देगलूरला आले तेव्हा तुम्ही पान उघडून दाखवलंत. ईयोब संपतो तिथं, पुढचं पुस्तक सुरू व्हायच्या आधी, थोडा भाग रिकामा असतो. तिथं लिहिलं होतं, 'करुणा विचारते, पहिल्या लेकरांचं काय?' आणि खाली दोन बोटं जागा कोरी. तुम्ही म्हणालात, "सापडलं की इथं लिवीन. तुला सापडलं तर तू लिव."

रविवारी तीनचे ते फोन पुढंही चालूच राहिले, आणि सतरा वर्षांत आपण त्या पानावर किती वेळा आलो! दुसरी पुस्तकं वाचून झाली, संदेष्टे झाले, प्रेषितांची पत्रं झाली, पुन्हा फिरून तिथंच. दर वेळी मी विचारायचे, लिहिलं का? तुम्ही म्हणायचात, अजून न्हाई. आता ते पान जमिनीत आहे. त्या दोन बोटांत तुम्ही शेवटी काही लिहिलंत का, हे मला कधीच कळणार नाही असं वाटलं, आणि खरं सांगते, तुमच्या जाण्यापेक्षाही त्यानं मला पोळलं.

आता ऐका, तुमच्या नावानं काय चाललंय. चौदाव्या दिवशी तुमच्यासाठी स्मरणप्रार्थना झाली. सेक्रेटरीसाहेबांनी जाहीर केलं, तुमच्या स्मरणार्थ दरवर्षी मुलांसाठी वचन पाठांतर स्पर्धा. ढाल, प्रमाणपत्र, सगळं. टाळ्या. चर्चच्या पाळकसाहेबांनीही मान डोलावली. तुमच्या नावानं पाठांतर! तुम्ही म्हणायचात, पाठ करावं, वाईट न्हाई, पण पोपटालाही पाठ होतं.

मी लातूरमध्ये शिकवते. या शहरात अभ्यास म्हणजे काय ते मला कुणी सांगू नये. इथं पोरं पहाटे पाचला क्लासला जातात आणि परीक्षा झाली की पुस्तकं रद्दीत. निकाल लागला, विषय संपला. तुम्ही मला चिडवायचात, "तुमच्या लातुरात परीक्षा नसली तर कुणी पुस्तक उघडतं का हो?" आपली मंडळीही तशीच निघाली, दाजी. पोरवयात वचनं घोकून दृढीकरणाचा विधी झाला, प्रभुभोजनाला बसायची परवानगी मिळाली, की पास. त्यानंतर साठ वर्षं जगायचं, लग्नं, मुलं, भाऊबंदकी, आजार, मरण, सगळं त्या दहा वर्षांच्या पोराच्या शिदोरीवर. पायात दहाव्या वर्षीचे बूट कुणी घालत नाही, पण श्रद्धा मात्र तीच वापरतात आणि मग चावते म्हणून कुरकुरतात.

मी तिथंच उठले. ताईनं पदर ओढला तरी उठले. म्हटलं, "साहेब, स्पर्धा मुलांची कशाला? दाजींचा वर्ग मोठ्यांचा होता. तुम्ही बसा की बुधवारी."

साहेब हसले. "मॅडम, आता आमचं वय हाय का शाळंत बसायचं? आमचं समदं वाचून झालं."

लोकही हसले. मी म्हटलं, "मग सांगा, योनाच्या शेवटच्या अध्यायात काय होतं?" साहेबांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं, पाळकसाहेबांनी घड्याळाकडे. शेवटची प्रार्थना झाली आणि चहा आला.

इथवर माझी जीभ फार चालली. आता जे सांगायचं आहे ते मी टाळत आले.

ते बायबल दुकानातून आणून दिलं मी.

साहेब म्हणाले, "शास्त्र आणा त्यांचं," आणि आवाज आला की उठायचं ही आम्हा बायकांची सवय. दुकान घराला लागूनच. लाकडी फळीवर, मोटारीत घालायच्या मायकाच्या पट्ट्यांशेजारी, फितीनं बांधलेलं. मी हातात घेतलं. गाठ सोडून ते पान पाहायला अर्धं मिनिट लागलं असतं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, कुणीतरी हाक मारली, आणि मी न उघडता ते नेऊन दिलं. देताना कुणीतरी म्हणालंसुद्धा, "किती जुनं झालंय, पण राहू द्या, त्यांचंच आहे." त्यांचंच! ते आमच्या सगळ्यांचं होतं, आणि हे त्या घोळक्यात ठाऊक असलेली माणसं चार-पाच. त्यांतली एक मी. इतरांनी अडाण्यासारखं केलं, त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. सेक्रेटरीवर मी जो एवढा राग काढतेय, त्यातला निम्मा माझ्या वाट्याचा आहे.

आता तुमचा नंबर.

गेल्या नाताळात आपलं भांडण झालं ते तुम्ही अर्धवट सोडून गेलात. तुमचं म्हणणं, मी लातूरला वर्ग सुरू करावा. "तुमच्या चर्चात डाक्टर हायत, प्रोफेसर हायत. बाकी समद्यात पदव्या, आन शास्त्रात चौथी पास." मी म्हटलं, स्नेहाची बारावी आहे, माझे पेपर आहेत, निवृत्त झाल्यावर बघू. तुम्ही म्हणालात, "पाणी गेल्यावर मोटार बंद करणार व्हय? कोरडी चालली की जळतीच ती. मी रोज बघतो." मला ते झोंबलं. म्हणून मी वर्मावर घाव घातला. म्हटलं, "ताई एक दिवस तुमच्या वर्गाला बसली नाही. तिची श्रद्धा काय कमी आहे का?"

तुम्ही ताईकडे पाहिलंत. ताई कांदा चिरत होती. ती म्हणाली, "मी बसले असते तर चहा कोण केला असता?"

तुमचा चेहरा मला आठवतो. तीस वर्षं, दाजी! तीस वर्षं तुम्ही गावातल्या माणसांना म्हणालात की मोठ्यांनी शिकत राहावं, आणि तीस वर्षं ताई चहाच्या स्टोव्हजवळ उभी. लोटाच्या बायकोचं नाव का नाही, हे तुम्ही समासात लिहिलंत. घरातल्या बायकोचा एक प्रश्न त्या समासात नव्हता. हे तुम्हाला त्या दिवशी कळलं, मला दिसलं ते. पण तुम्ही काही बोलला नाहीत आणि मीही विषय वाढवला नाही. वाढवायला हवा होता. तुम्हीच शिकवलेलं होतं.

गेल्या बुधवारी मी कॉलेजात रजा टाकली, उदगीरला गाडी बदलून देगलूरला आले. साडेसहाला दुकानाचं शटर अर्धं उघडलं. पाच जण आले. एक कोरी वही घेऊन बसले आणि सगळ्यांना म्हटलं, आपापले प्रश्न सांगा, जेवढे आठवतील तेवढे उतरवून घेऊ. राजूला स्वतःचा एकच आठवला. मला वाटलं, संपलं. मग सत्तेम्मा आक्कांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. कुणी, कुठल्या पुस्तकावर, काय विचारलं. मेलेल्यांचे, गाव सोडून गेलेल्यांचे, त्या मुलीच्या आईचे. सव्वा तास. माझा हात दुखायला लागला. आपण सगळे वाचणारे, लिहून ठेवलं म्हणून विसरलो. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी सगळं डोक्यात सांभाळलं.

मी ताईला हाक मारली, म्हटलं, आज चहा राजू करेल, तू बस. ती नको नको म्हणत सतरंजीच्या काठाला टेकली. आक्का ईयोबपर्यंत आल्या. "करुणा पुसती, पयल्या लेकरांचं काय," एवढं म्हणून थांबल्या. मी धीर करून विचारलं, "आक्का, त्याच्याखाली दाजींनी काही लिहिलं होतं का?"

"मला कसं कळल अम्मा? मला अक्षर न्हाई येत."

ताई म्हणाली, "काई लिवलं न्हाई. कोरंच हाय."

"तुला काय माहीत?"

"मला न्हाई तर कुणाला? दर रविवारी तीनला तेच पान उघडून बसायचे. फोन बाजूला. मी म्हणले, पोरगी एवढ्या वर्षांपासून विचारून राहिली, लिवून टाका की काई तरी. तर हसले. म्हणले, लिवलं तर ती फोन कशाला करल?" ताई पदराशी चाळा करत होती, माझ्याकडे पाहत नव्हती. "मी म्हणले, आता तरी कुठं करून राहिली? तर म्हणले, लेकीची बारावी हाय. करल."

दाजी, गेल्या नाताळानंतर मी एकदाही फोन केला नव्हता. बारावी मार्चमध्ये संपली. निकालही लागून गेला. मग प्रवेशाचे फॉर्म होते, मग कॉलेजचे पेपर, मग पुढच्या रविवारी नक्की. तुम्ही भांडण अर्धवट सोडलंत असं वर मी लिहिलंय, ते खोटं आहे. तुम्ही दर रविवारी पुस्तक उघडून बसला होतात.

त्या खोलीत मला सगळ्यांसमोर हुंदका फुटला, आणि त्यातही राग होता, तुमचाच. तुम्हाला बोटं नव्हती? फोन दोन्हीकडून लागतो. मंडळीला तुम्ही तीस वर्षं प्रश्न विचारलेत, कमिटीला विचारलेत, देवाला विचारलेत. मग मला का नाही विचारलंत? एकदा तुम्हीच फोन लावून मला झापायचं होतं ना, दाजी.